गावातल्या वीरगळांची नोंद कशी करावी

मारुतीच्या देवळामागे, पाराला टेकून, वेशीबाहेरच्या ओढ्याकाठी, नाहीतर शाळेच्या कुंपणाला आधार म्हणून उभा केलेला, कप्पे पाडून कोरलेला उभट दगड महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत दिसतो. कुणी त्याला पांडव म्हणतं, कुणी म्हसोबा, कुणी नुसताच 'जुना देव'. बहुतेक वेळा तो वीरगळ असतो, म्हणजे गावासाठी, गुरांसाठी किंवा धन्यासाठी लढताना पडलेल्या माणसाचं स्मारक. शब्द कानडीतून आलेला आहे. 'कल्लु' म्हणजे दगड, त्याचा आपल्याकडे 'गळ' झाला.

या माणसांची नावं आपल्याकडे फारशी उरलेली नाहीत. कर्नाटकातल्या वीरगळांवर बऱ्याचदा लेख असतो. बंगळूरमधल्या बेगूरच्या वीरगळावर इ.स. ९०० च्या सुमारास झालेल्या 'बेंगळूर'च्या लढाईचा उल्लेख आहे, त्या शहराचं नाव इतकं जुनं आहे हे कळलं ते त्या दगडामुळे. आपले बहुतेक वीरगळ मात्र मुके. म्हणून नोंद करणाऱ्यानं तीन गोष्टी जशाच्या तशा उतरवून घ्यायच्या: दगडावर काय कोरलंय, दगड नेमका कुठे उभा आहे आणि लोक त्याला काय म्हणतात. 'हा कोणाचा' हे ठरवायची घाई केली की या तिन्ही नोंदी वाकड्या होतात.

निघण्याआधीचे कागद

पहिली संध्याकाळ वाचनात घालवा. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये स्थळांची वर्णनं असतात. तिथं आपल्या गावाचं आणि आजूबाजूच्या दहा-बारा गावांचं नाव शोधा. बोरिवलीच्या एकसर गावातल्या वीरगळांचं वर्णन ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये आहे. दगडाची आज झालेली झीज मोजायला असं जुनं वर्णन फार कामाला येतं.

मग सातबारा आणि गावनकाशा. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो, तो लोक सहसा वाचतच नाहीत. 'वीराचा माळ', 'सतीचा मळा', 'रणखांब' अशा धाटणीचं नाव दिसलं की त्या गटात एक चक्कर टाकायचीच. दगड हललेला असला तरी शेताचं नाव जागेवर राहतं.

सोबत घ्यायचं सामान फार नाही. ५ मीटरची स्टीलची टेप, पुठ्ठ्यावर एकेक सेंटिमीटरचे काळे-पांढरे चौकोन रंगवून केलेली १० सेंटिमीटरची पट्टी, अरुंद झोताची टॉर्च, ट्रायपॉड, दोन इंची मऊ केसांचा ब्रश, बांबूच्या काड्या, दोन लिटर साधं पाणी, वही आणि पेन्सिल. पेनाची शाई घामानं आणि पाण्यानं फुटते. फोनमधलं होकायंत्र चालतं, पण लोखंडी गेट, पत्र्याची शेड किंवा गाडीजवळ ते बिनदिक्कत चुकतं, तेव्हा दहा पावलं लांब जाऊन दिशा घ्या. दिवाळी ते होळी हे दिवस चांगले. पावसाळ्यात शेवाळानं नक्षी भरलेली असते आणि झुडपांत गांधीलमाश्यांची पोळी असतात.

गावात पोचल्यावर आधी गुरव किंवा पुजाऱ्याला भेटा, जागा खासगी असेल तर मालकाला. चपला बाहेर. काही ठिकाणी देवाला कोणी कधी शिवायचं याचे नियम असतात, ते विचारून घ्या आणि वहीतही लिहा, तीही नोंदच आहे. देऊळ केंद्र किंवा राज्य संरक्षित असेल तर फोनवर फोटो काढायला सहसा अडचण येत नाही, ट्रायपॉड लावायला मात्र परवानगी लागते.

कोरीव दगड दिसला म्हणजे वीरगळच असं नाही

पाच-सहा प्रकार ओळखता आले की सुरुवातीचं काम भागतं.

सतीशिळेवर कोपरात वाकवलेला स्त्रीचा हात असतो, पंजा उघडा, मनगटावर बांगड्या, वर चंद्र-सूर्य. कधी हा हात वीरगळाच्याच एखाद्या पटात (कोरीव कप्प्यात) किंवा बाजूला येतो, तेव्हा एकाच दगडावर दोघांची आठवण आहे असं समजायचं.

गधेगाळ वेगळा. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख किंवा लेखाची मोकळी जागा, खाली गाढव आणि स्त्री. ही दानाची शपथ आहे: दान दिलेली जमीन जो हिरावेल त्याला ही शिवी. शिलाहार राजांच्या कोकणात हे विशेष आढळतात. चित्र अश्लील वाटतं म्हणून पुष्कळ गावांत तो दगड पालथा घातलेला, चुना फासलेला किंवा पायरीला लावलेला असतो. पालथ्या दगडाच्या कडेला चंद्रकोर दिसली तर ते नोंदवा, पण दगड उलटवायला जाऊ नका.

गाय-वासरू कोरलेली धेनुगळ हीसुद्धा दानाशी जोडलेली. वरच्या पटात शिवलिंगाऐवजी ध्यानस्थ जिन (तीर्थंकर) दिसला तर तो दगड जैन परंपरेतला, आणि त्यावर लढाई मुळीच नसेल तर निषिधी, म्हणजे सल्लेखना (उपवास करत मरण स्वीकारायचं जैन व्रत) घेतलेल्या व्यक्तीचं स्मारक, असण्याची शक्यता तपासा. पादुका, तुळशीवृंदावन, छोटी छत्री या नंतरच्या काळातल्या समाध्या. त्यांची नोंद करा, पण वेगळ्या यादीत.

वीरगळ खालून वर वाचायचा

नवा माणूस सवयीनं वरून खाली बघतो आणि गोंधळतो. गोष्ट तळातून सुरू होते आणि माथ्याला संपते.

चार पटांचा नेहमीचा वीरगळ घेऊ. सगळ्यात खाली वीर आडवा पडलेला असतो. त्याच्यामागे किंवा वर गुरांची रांग असेल तर गाई पळवणाऱ्यांशी झालेली लढाई. वाघ किंवा रानडुक्कर असेल तर शिकार किंवा गुरं राखताना आलेलं मरण. दुसऱ्या पटात लढाई. इथं हत्यारं नीट बघा: ढाल-तलवार, धनुष्य की भाला, वीर पायी आहे की घोड्यावर, समोर किती जण. वीर इतरांपेक्षा अंमळ मोठा कोरलेला असतो. तिसऱ्या पटात दोन्ही बाजूंना अप्सरा आणि मधे वीर, त्याला वर नेताहेत. चौथ्यात तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, पलीकडे पूजा करणारा पुजारी, कधी नंदी. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य असेतो ही आठवण राहो.

इथली ठरलेली चूक म्हणजे चार पटांत चार माणसं मोजणं. तो एकच माणूस आहे, चार वेळा कोरलेला. एकाच पटात दोन सारख्याच उंचीचे पडलेले वीर दिसले तरच दोघांचं स्मारक धरायचं.

दुसरी चूक पट मोजण्यात होते. तळाचा पट पुष्कळदा जमिनीत गेलेला असतो, त्यामुळे तीन पट दिसतात आणि माणूस 'तीन पटांचा' असं लिहून मोकळा होतो. सर्वात खालच्या दिसणाऱ्या पटात थेट लढाईच असेल तर 'दिसणारे पट ३, तळ जमिनीत असावा' असं लिहा. उकरून बघायचा मोह होतो. आवरा. उकरलं की दगड कलतो, त्याच्या पायाशी पुरलेलं जे काही असेल त्याचा थर मोडतो, आणि संरक्षित जागेत तर तो गुन्हाच.

काही वीरगळ चारही बाजूंनी कोरलेले, खांबासारखे असतात. त्यांच्या बाजूंना पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर अशीच नावं द्या. 'पुढची', 'मागची' असं लिहिलंत तर पुढच्या वर्षी तुम्हालाच कळणार नाही.

एकसरचे वीरगळ एकदा तरी प्रत्यक्ष बघावेत. तिथं सहा वीरगळ आहेत आणि काहींवर शिडांची, वल्ह्यांची जहाजं रांगेत कोरलेली आहेत. समुद्रावरची लढाई दाखवणारे वीरगळ दुर्मीळ, गोव्यात कदंबांच्या प्रदेशात असे काही मिळालेत. एकसरची लढाई उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तरी दगडावर तसं लिहिलेलं नाही. जहाजं हा पुरावा आणि सोमेश्वर हा निष्कर्ष, हे दोन वेगळ्या रकान्यांतच जायला हवं. सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळात एकाच आवारात इतके वीरगळ आहेत की शेजारी शेजारी उभं राहून पटांची तुलना करता येते. शिकायला ती जागा उत्तम.

उजेड आडवा हवा

झिजलेली नक्षी समोरून पडलेल्या उजेडात सपाट दिसते. फ्लॅश मारला तर उरलंसुरलंही जातं. नक्षी उठून दिसते ती दगडाच्या पृष्ठभागाला घासून जाणाऱ्या उजेडात.

पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडावर सकाळी ऊन थेट पडतं आणि फोटो फिका येतो. त्याच दगडावर अकरा ते साडेबाराच्या दरम्यान ऊन वरून घासत खाली येतं, त्या तासाभरात पट एकदम उघडतात. पश्चिमेकडे तोंड असेल तर हीच वेळ दुपारी साडेबारानंतर. उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडावर हिवाळ्यात ऊन येतच नाही. तिथे एकानं आरसा किंवा चकचकीत कागद लावलेला थर्मोकोल धरून बाजूनं उजेड टाकावा.

सगळ्यात भरवशाची रीत रात्रीची. कॅमेरा किंवा फोन ट्रायपॉडवर दगडासमोर, बरोबर त्याच्या मध्याच्या उंचीला लावा. दोन सेकंदांचा टायमर. टॉर्च दगडाच्या एका कडेला, पृष्ठभागाशी साधारण १० ते १५ अंशांचा कोन करून धरा. कॅमेरा न हलवता चार फोटो काढा: उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. डावीकडच्या उजेडात जी तलवार दिसत नाही ती वरच्या उजेडात दिसते, कारण उजेडाच्या दिशेनंच जाणारी रेघ सावली पाडत नाही. कॅमेऱ्यावर सेटिंग करता येत असेल तर आयएसओ १०० आणि शटर ४ ते ८ सेकंद.

फोन फार जवळ नेऊन रुंद लेन्सनं फोटो काढू नका, दगडाचं पोट फुगतं. दोन-अडीच मीटर मागं सरून दुप्पट झूम वापरा. प्रत्येक दगडाचे एवढे फोटो तरी हवेत: दहा मीटरवरून आजूबाजूच्या परिसरासकट एक, समोरून पट्टी ठेवून एक आणि पट्टीशिवाय एक, प्रत्येक पटाचा वेगळा, दोन्ही बाजू, पाठ, पाया. त्रिमितीय मॉडेल करायचं असेल तर दगडाभोवती फिरत ५०-६० फोटो, प्रत्येक पुढचा फोटो आधीच्यावर निदान साठ टक्के चढलेला. हे मॉडेलाचे फोटो ढगाळ दिवशी काढावेत, सावल्या हलल्या की सॉफ्टवेअर गडबडतं.

नक्षी दिसावी म्हणून खडू, पीठ, रांगोळी, हळद भरायची पद्धत अजून सर्रास चालते. खडूची पूड दगडाच्या भोकांत बसते आणि पुसली तरी निघत नाही. पीठ-हळदीनं मुंग्या आणि बुरशी येते. शिवाय खडू फिरवणारा माणूस त्याला जे वाटतं तेच गिरवतो, मग पुढचे सगळे त्याचंच चित्र वाचतात. साधं पाणी हलकेच लावलं तर चालतं, पण दगडाचे पापुद्रे सुटत असतील तर तेही नको. माती, जाळी मऊ ब्रशनं काढा, खोबणीतलं शेवाळ बांबूच्या काडीनं, तेही लेख वाचण्यापुरतंच. तारेचा ब्रश, ॲसिड, निरमा वर्ज्य.

मापं, क्रमांक, नकाशा

जमिनीवरची उंची, खालची आणि वरची रुंदी, जाडी. सगळं सेंटिमीटरमध्ये. फूट-इंच आणि सेंटिमीटर मिसळले की घोळ झालाच. प्रत्येक दगडाला क्रमांक द्या, पण दगडावर लिहू नका. कार्डावर लिहून शेजारी ठेवा आणि पहिला फोटो त्या कार्डासकट घ्या. अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत पुरेत. मोकळ्यावर फोनची चूक पाच-दहा मीटर असते, झाडाखाली जास्त, म्हणून देवळाच्या दारापासूनची पावलंही लिहा. वहीच्या एका पानावर आवाराचा कच्चा नकाशा काढा: उत्तर दाखवणारा बाण, देऊळ, पार, आणि प्रत्येक दगड कुठे तोंड करून आहे ते.

भरलेली नोंद साधारण अशी दिसावी. हा फक्त नमुना आहे.

क्र. भै-०३. देवळाच्या दक्षिणेला, भिंतीपासून ४ पावलं, जमिनीत रोवलेला, तोंड पूर्वेला. काळा पाषाण. उंची ११२ सेंमी, रुंदी खाली ४६, वर ४१, जाडी २२. दिसणारे पट ४. पट १ (तळ): आडवा पुरुष, डोकं डावीकडे, वर चार गुरं, तोंडं उजवीकडे. पट २: डावीकडून ढाल-तलवार घेतलेला मोठा पुरुष, समोर तिघे, एकाच्या हातात धनुष्य. पट ३: मधे पुरुष, दोन्हीकडे एकेक स्त्री. पट ४: शिवलिंग, डावीकडे हात जोडलेला पुरुष, उजवीकडे झिजलेली आकृती. माथा: कलश, चंद्रकोर डावीकडे, सूर्य उजवीकडे. लेख नाही. उजवा वरचा कोपरा फुटलेला, फुटीचा रंग जुना. शेंदूर फक्त पट ४ वर. स्थानिक नाव 'भाऊ'.

डावं-उजवं नेहमी बघणाऱ्याचं. 'झिजलेली आकृती' असं लिहायला लाजू नये, तिथं 'पुजारी' लिहिलंत तर तुम्ही ओळखलेलं आणि दगडावर दिसणारं एकत्र मिसळलं. फुटीचा रंग का लिहायचा? ताजी फूट करडी आणि स्वच्छ असते, जुनी काळवंडलेली. दोन वर्षांनी कोणी तक्रार केली तर नुकसान कधीचं हे त्यावरून कळतं.

काळाबद्दल जपून. 'हेमाडपंती' आणि 'पांडवकालीन' हे दोन शब्द नोंदीत येऊच देऊ नका. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकातला. चुन्याशिवाय बांधलेलं प्रत्येक देऊळ त्याच्या नावावर घालायची आपल्याला सवय लागलीय. लेख नसलेल्या वीरगळाला शतक सांगायचं तर शेजारच्या देवळाची शैली, हत्यारं, पेहराव या सगळ्यांचा मेळ लागतो, आणि तो जाणत्याला दाखवूनच.

लेख असेल तर

लेख बहुधा पटांच्या मधल्या पट्ट्यांवर किंवा माथ्यालगत असतो, दोन-तीन ओळींचा. नक्षीची किनार समजून तो सुटतो, म्हणून मधल्या पट्ट्यांवरून रात्री टॉर्च फिरवाच. जुन्या देवनागरीत मात्रा अक्षराच्या डोक्यावर न येता आधी उभी रेघ म्हणून येते, तिला पृष्ठमात्रा किंवा पडीमात्रा म्हणतात. ती कान्यासारखी दिसते आणि नवशिका 'दे' ऐवजी भलतंच वाचतो. 'ख' च्या जागी 'ष' लिहिलेला असतो. जे अक्षर लागत नाही तिथे टिंब द्या, अंदाजानं भरू नका.

साल मिळालं तर ते पडताळून बघायची सोपी रीत आहे. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौष-माघ-फाल्गुनातल्या तारखांना बहुधा ७९. लेखात संवत्सराचं नावही असतं. शकात १२ मिळवा, ६० नं भागा, जी बाकी उरेल तितक्या क्रमांकाचं संवत्सर, प्रभव हे पहिलं (बाकी शून्य आली तर साठावं). अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखात, जुन्या मराठी लेखांचे अभ्यासक डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार, शक ९३४ आणि परिधावी संवत्सर आहे. ९३४ अधिक १२ म्हणजे ९४६, साठानं भागून बाकी ४६, आणि सेहेचाळीसावं संवत्सर परिधावीच. शक जुळला, इ.स. १०१२. शिवराज्याभिषेकाचा शक १५९६ घ्या, बाकी ४८ येते, आनंद संवत्सर. एकानं फरक पडला तर घाबरू नका, लेखात गत (पूर्ण झालेलं) वर्ष दिलंय की चालू, यानं तेवढा फरक पडतो. चार-पाचचा फरक पडला तर एखादा आकडा चुकीचा वाचलाय. नंतरच्या काळातल्या दगडावर शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी वर्षगणना) असेल तर इसवी सनासाठी ५९९ किंवा ६०० मिळवायचे.

ओला कागद ठोकून शाईचा ठसा घेणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. कागद जास्त ओला झाला की फाटतो, कमी ओला असेल तर अक्षरात बसत नाही, आणि शाई पाझरली तर दगड कायमचा काळा. चार दिशांच्या उजेडातले फोटो तज्ज्ञाला पाठवले तरी बहुतेक लेख वाचून होतात.

माणसांकडून ऐकताना

दगडाइतकाच हा भाग महत्त्वाचा, आणि तो जास्त घाईनं नासतो. 'आजोबा, हा वीरगळ आहे ना?' असं विचारलं की 'हो, हो' येतं आणि त्या दिवसापासून गावातलं त्याचं मूळ नाव मागे पडतं. प्रश्न मोकळे ठेवा. याला काय म्हणता? कोण पुजतं, कधी? निवद काय असतो, गोडाचा की खारा? लग्नाची पहिली अक्षत इथं देतात का? हा दगड पहिल्यापासून इथंच आहे का? शेवटचा प्रश्न विसरू नका. रस्ता रुंद करताना, देवळाचा जीर्णोद्धार करताना किती दगड हलले ते फक्त म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं.

विचारायचं कुणाला? गुरव आणि पाटील यांच्यापाशी सगळे जातात. गुरं राखणारे, धनगर, पूर्वी कोतवालकी केलेलं घर आणि माहेर-सासर एकाच पट्ट्यात असलेल्या आज्या यांच्यापाशी जा. जात्यावरच्या ओव्यांत गावच्या वीराचं नाव येतं. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी नावाचे फिरते लोक घराघरांच्या वंशावळी सांगतात, त्यांच्या फेरीचे दिवस माहीत करून घ्या. ज्या घराच्या देव्हाऱ्यात वीराचा टाक (धातूच्या पत्र्यावर उठवलेली प्रतिमा) आहे त्यांना वेगळं विचारा. नाशिकला धुळवडीला वीर नाचवतात, दाजीबा वीराची मिरवणूक निघते. आपल्या गावात होळी ते रंगपंचमी या दिवसांत टाक बाहेर काढतात का, हे बघण्यासारखं असतं.

आवाज टिपण्याआधी परवानगी घ्या, आणि ती रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच बोलून घ्या. फोन मांडीजवळ, पंखा बंद. सांगणाऱ्याची बोली सुधारू नका. 'त्येनं मुंडकं पडल्यावर बी धड लढवलं' हे 'शिरच्छेदानंतरही तो लढला' असं लिहिलंत की निम्मी गोष्ट गेली. एकाच दगडाच्या दोन गोष्टी मिळाल्या तर दोन्ही ठेवा, कोणी सांगितली आणि साधारण वय काय हे लिहून. बिनमुंडक्याच्या वीराची, सात भावांची, रात्री घोड्यावरून फेरी मारणाऱ्या राखणदाराची गोष्ट दहा गावांत सापडेल. म्हणून ती खोटी ठरत नाही, पण तेवढ्यावरून दगडाचा काळही ठरत नाही. गोष्टीत दोन घराण्यांचं किंवा दोन जातींचं वैर असेल तर ती वहीत पूर्ण लिहा आणि बाहेर देताना आधी सांगणाऱ्याला विचारा.

शेंदूर, ऑइलपेंट, सिमेंट आणि जेसीबी

शेंदूर लोकांच्या श्रद्धेचा आहे, तो खरवडायचा नाही. तेल-शेंदराचं कवच जाड झालं की कधी ते आपसूक गळतं, तेव्हा लगेच फोटो घ्या. चांदीचा किंवा सोनेरी ऑइलपेंट मात्र नको म्हणून गावाला समजावता येतं: रंगाच्या थराखाली पाणी अडकतं आणि दगडाची साल सुटते. सिमेंटनं पाया बांधणं त्याहून वाईट. सिमेंटमधले क्षार ओल्याबरोबर दगडात चढतात, खालचा पट भुसभुशीत होतो, आणि पुढं दगड काढायचा म्हटलं तर फोडूनच निघतो.

जेसीबीच्या दातानं उचललेले वीरगळ सहज तुटतात. लोकांना वजनाचा अंदाज नसतो. उंची, रुंदी, जाडी मीटरमध्ये गुणा आणि उत्तराला २.९ नं गुणा, काळ्या पाषाणाचं वजन टनांत येतं. दीड मीटर उंच, अर्धा मीटर रुंद आणि पाव मीटर जाड दगड ५४० किलोच्या आसपास भरतो. चार पोरांनी उचलायची ही गोष्ट नाही. हलवणं टळतच नसेल तर राज्य पुरातत्त्व विभागाला आधी लेखी कळवा, त्यांच्या सल्ल्यानं रुंद कापडी पट्टे, खाली टायर आणि वाळूच्या गोण्या वापरा, आणि मूळ जागेचे मापासह फोटो घेतल्याशिवाय दगड हलू देऊ नका.

शेतात नांगरताना कोरीव दगड, नाणी किंवा तांब्याचा पत्रा निघाला तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पाचा व्यापार १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतो. बंगल्याच्या बागेत शोभेला वीरगळ नेणाऱ्याला हे एकदा सांगून ठेवलेलं बरं.

फलक लावायचा असेल तर

ग्रामसभेत ठराव घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभा नेहमीच्या, विषय आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी द्या. जागा संरक्षित स्मारकाजवळ असेल तर आधी पुरातत्त्व विभागाला विचारा. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं.

फलक दगडावर, पायावर किंवा देवळाच्या भिंतीवर ठोकू नका. दीड-दोन मीटर लांब स्वतंत्र खांबावर, फोटो काढताना मध्ये येणार नाही असा. मजकूर ६० ते ८० शब्द, त्याहून लांब कोणी उभं राहून वाचत नाही. पहिल्या ओळीत हे काय आहे, मग खालून वर कसं बघायचं, मग गावातलं नाव आणि 'गावकरी सांगतात की' असं म्हणून गोष्ट. लेख नसेल तर कोणाचंही नाव घालू नका. कुठल्याही घराण्यानं 'आमचेच पूर्वज' म्हणून आग्रह धरला तरी नाही, कारण पुढच्या पिढीत फलकच पुरावा होऊन बसतो आणि भांडणं सुरू होतात. सतीशिळेच्या फलकाची भाषा कोरडी ठेवा. १९८७ च्या सती प्रतिबंध कायद्यात सतीचं उदात्तीकरण हा गुन्हा आहे. 'महान', 'पवित्र' असे शब्द टाळून दगडाचं वर्णन तेवढं लिहा. शेवटी फलक कोणी, कोणत्या महिन्यात लावला ते बारीक अक्षरात द्या, देणगीदारांची यादी नको.

नोंदीच्या प्रती

घरच्या संगणकात ठेवलेली नोंद संगणकाबरोबर जाते. छापील एक प्रत ग्रामपंचायतीत, एक गावच्या शाळेत किंवा वाचनालयात, एक राज्य पुरातत्त्व विभागाच्या सहायक संचालकांकडे. ही कार्यालयं पुणे, नाशिक, रत्नागिरी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत. लेखाचे फोटो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत किंवा जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागात दाखवा. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चढवायचे असतील तर गाव, तालुका, तारीख आणि क्रमांक मराठीत लिहा. सुटा, उचलता येण्याजोगा दगड असेल तर नेमके अक्षांश-रेखांश जाहीर करू नका, ते वहीतच राहू द्या.

पुढच्या वर्षी पावसाळा संपला की तीच वही, तोच कॅमेरा घेऊन परत जा आणि प्रत्येक दगडाचा त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून एक फोटो घ्या. नवा रंग, नवी फूट, कललेला कोन किंवा रिकामी जागा, जे दिसेल ते तारखेसह जुन्या नोंदीखाली लिहा.